चिकित्सालयाच्या संगणकातील स्थौल्य : निदान व उपाय

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात संगणक स्थिरावला आहे. प्रारंभी तो औषधांची बिले छापण्यापुरता आला. पुढे रुग्णांची नोंदवही त्यात गेली. मग प्रकृतिपरीक्षणाचे तक्ते, नाडी-जिह्वा-मलमूत्र परीक्षणाच्या नोंदी, पथ्यापथ्याची पत्रके, पंचकर्माच्या वेळा, औषधी भांडारातील साठा, उधारी, सर्वच त्यात जाऊन बसले. अनेक ठिकाणी ही व्यवस्था गावातल्याच एखाद्या होतकरू प्रोग्रॅमरने मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बांधून दिलेली असते. ती दहा-पंधरा वर्षे विनातक्रार चालते. नंतर हळूहळू रुग्णाचे नाव शोधण्यास वेळ लागू लागतो, छपाईची आज्ञा दिल्यावर पडदा गोठतो, आणि सोमवारी सकाळी बाहेर वीस रुग्ण बसलेले असताना फाईल उघडतच नाही. प्रोग्रॅमर एव्हाना पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस गेलेला असतो. मग जो कोणी जाणकार भेटतो तो एकच सल्ला देतो : "डॉक्टर, डेटा फार झालाय. जुने पेशंट उडवून टाका."

हा लेख या सल्ल्याविषयी आहे. माझ्या मते तो बहुतेक वेळा निदानाशिवाय केलेल्या चिकित्सेसारखा आहे, आणि त्यात जे जाते ते परत येत नाही.

आमवात, तमक श्वास, किटिभ, मधुमेह, संग्रहणी यांसारख्या जीर्ण व्याधींचे रुग्ण आपल्याकडे वर्षानुवर्षे येतात. कोणत्या ऋतूत वेग आला, कोणत्या कल्पाने उपशय मिळाला, विरेचनानंतर किती महिने बरे होते, याची पंधरा वर्षांची सलग नोंद ही वैद्याची खरी मिळकत आहे. बिलांचे कागद वाळवीने खाल्ले तरी चालतील, ही नोंद गमावता कामा नये. म्हणून फाईलचा आकार कमी करण्यापूर्वी तो कशामुळे वाढला, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम मर्यादा समजून घेऊ. अ‍ॅक्सेसच्या एका फाईलचा आकार जास्तीत जास्त २ जीबी असू शकतो. अ‍ॅक्सेस ९७ मध्ये ही मर्यादा १ जीबी होती. अ‍ॅक्सेस २००० पासून ती २ जीबी झाली आणि २००७ मध्ये एमडीबीच्या जागी एसीसीडीबी हा नवा प्रकार आला तरी ती वाढली नाही. आजच्या संगणकाची डिस्क ५०० जीबीची आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही. डिस्क रिकामी असली तरी फाईल भरू शकते. मर्यादा जवळ आली की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असा, कशाचाच बोध न होणारा संदेश येतो आणि नवी नोंद घेतली जात नाही. त्या अवस्थेत फाईल बिघडण्याचा संभवही वाढतो. माझे मत असे की १.२ जीबीच्या आसपासच जागे व्हावे, १.९ जीबीची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नोंदी पुसल्या म्हणून फाईल लहान होत नाही. या प्रकारच्या डेटाबेसमध्ये माहिती ४ केबीच्या पानांवर लिहिली जाते. एखादी नोंद पुसली की त्या पानावरील तिची जागा 'रिकामी' म्हणून गणली जाते इतकेच. पान फाईलमध्येच राहते. अशा रिकाम्या जागेपैकी काही पुढे वापरात येते, काही तशीच पडून राहते. परंतु डिस्कला परत कोणतीच केली जात नाही. त्यामुळे 'जुने पेशंट' उडवून पाहणारा वैद्य दुसऱ्या दिवशी फाईलचा आकार पाहतो तो जसाच्या तसा. मग तो आणखी उडवतो. हा अतियोग मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

तिसरी गोष्ट गणिताची आहे. एखाद्या चिकित्सालयात रोज ४० रुग्ण येतात आणि वर्षाचे ३०० दिवस काम चालते असे धरू. वर्षाच्या १२,००० भेटी झाल्या, पंधरा वर्षांच्या १,८०,०००. प्रत्येक भेटीची नोंद देवनागरीत सरासरी ५०० अक्षरांची आहे असे मानू. लक्षणे, परीक्षण, औषधे, अनुपान, पथ्य हे सर्व धरून हे प्रमाण उदारच आहे. अ‍ॅक्सेसमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेते, म्हणजे एका भेटीस १,००० बाइट. पंधरा वर्षांचे झाले १८ कोटी बाइट, साधारण १७२ एमबी. इंडेक्स, तारखा, क्रमांक धरून ते २५० एमबी म्हणा. म्हणजे पंधरा वर्षांचा सारा वैद्यकीय इतिहास त्या २ जीबीच्या अष्टमांशात मावतो! शब्दांनी फाईल फुगत नाही. ती फुगते ती अन्य कारणांनी.

ती कारणे कोणती, हे आमच्या जिल्ह्यातील एका ज्येष्ठ वैद्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ते त्वचाविकारांसाठी परिचित आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांच्या फाईलचा आकार १.८ जीबीवर गेला. संगणक दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी २०१० पूर्वीच्या सर्व नोंदी काढण्याचा सल्ला दिला. वैद्यराजांनी तो मानला नाही. त्यांनी मला आणि माझ्या भाच्याला (तो संगणकशास्त्राचा पदवीधर आहे) बोलावले. आम्ही प्रत्येक टेबल वेगवेगळ्या रिकाम्या फाईलमध्ये घेऊन त्या फाईलींचे आकार पाहिले. याहून साधी परीक्षा नाही आणि ती कोणीही करू शकतो. रुग्णांचे टेबल, भेटींचे टेबल, औषधांचे टेबल मिळून अडीचशे एमबीच्याही आत होते. उरलेले सारे वजन एकाच टेबलात होते : चिकित्सेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे. त्यांची संख्या किती? पावणेतीनशेच्या आसपास!

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्यातून निघणारे जेपीजी छायाचित्र मुळात संक्षिप्त केलेले असते. २ मेगापिक्सेलचे चित्र अर्ध्या-पाऊण एमबीत मावते. पण जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये ते 'ओएलई ऑब्जेक्ट' या प्रकारच्या रकान्यात चिकटवले की त्या चित्रासोबत पडद्यावर दाखवण्याजोगी, विस्तारलेली बिटमॅप प्रतही साठवली जाते. १६०० गुणिले १२०० ठिपके, प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट, असे ५७ लाख ६० हजार बाइट होतात, म्हणजे साडेपाच एमबी. अर्ध्या एमबीच्या चित्रासाठी अकरापट जागा! या हिशेबाने इतर काहीही नसले तरी पावणेचारशेच्या आत छायाचित्रांत २ जीबीची फाईल भरते. आणि हल्लीच्या मोबाईलमधील १२ मेगापिक्सेलचे चित्र अशा रकान्यात चिकटवले तर एका चित्रास ३४ एमबी लागतात. साठ चित्रांत काम आटोपले.

यावरील उपाय सरळ आहे. छायाचित्रे डेटाबेसमध्ये ठेवू नयेत. त्यांच्यासाठी डिस्कवर स्वतंत्र फोल्डर करावे, प्रत्येक चित्रास रुग्णक्रमांक व तारीख यांवरून नाव द्यावे आणि डेटाबेसमध्ये केवळ त्या चित्राचा पत्ता लिहावा. पत्त्यास शंभर-दीडशे बाइट पुरतात. पूर्वी साठवलेली चित्रे बाहेर काढणे मात्र थोडे किचकट आहे. ते जाणत्याकडून करून घ्यावे, आणि बाहेर काढलेले प्रत्येक चित्र उघडते याची खात्री झाल्यावरच मूळ रकाना रिकामा करावा. अ‍ॅक्सेस २००७ पासून 'अटॅचमेंट' नावाचा नवा रकाना आला आहे. त्यात हा बिटमॅपचा दोष नाही, तथापि चित्र राहते फाईलच्या पोटातच, म्हणून मी तोही सुचवत नाही. चित्रे बाहेर ठेवण्यात एक पथ्य आहे : बॅकअप घेताना चित्रांचे फोल्डरही घेतले पाहिजे. अन्यथा पत्ते उरतात, घरे नाहीशी होतात.

प्रयोगशाळेचे अहवाल स्कॅन करून ठेवणाऱ्यांनीही हा विचार करावा. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला तर त्यात २४८० गुणिले ३५०८ ठिपके असतात. संक्षेप न करता त्याचे २६ एमबी होतात. तोच कागद १५० डीपीआयवर करड्या छटांत घेतला तर संक्षेपापूर्वीच दोन एमबीच्या किंचित वर राहतो, आणि हिमोग्लोबिनचा आकडा दोन्हींत सारखाच वाचता येतो. क्ष-किरण चित्रे व त्वचेची छायाचित्रे यांची गोष्ट वेगळी. तेथे बारकावे हवेत.

छायाचित्रे नसतानाही फाईल फुगलेली दिसली तर तात्पुरत्या टेबलांकडे पाहावे. रोज रात्री औषधसाठ्याचा ताळेबंद काढताना बरेच प्रोग्रॅम एक टेबल भरतात, अहवाल छापतात आणि ते टेबल रिकामे करतात. वर सांगितल्याप्रमाणे रिकामे झाल्याने जागा परत मिळत नाही. दररोज थोडी थोडी भर पडत जाते. अशी टेबले मुख्य फाईलमध्ये न ठेवता वेगळ्या, केव्हाही फेकून देता येईल अशा फाईलमध्ये ठेवावीत. त्याचप्रमाणे पडदे, अहवाल व प्रश्न (ज्यांना क्वेरी म्हणतात) एका फाईलमध्ये आणि केवळ माहितीची टेबले दुसऱ्या फाईलमध्ये, अशी विभागणी करून घ्यावी. अ‍ॅक्सेसमध्ये त्यासाठी 'डेटाबेस स्प्लिटर' ही सोय आहे. एकूण आकार याने घटत नाही. पण माहितीची फाईल स्वच्छ राहते आणि स्वागतकक्ष व औषधालय येथील दोन्ही संगणकांवर काम करताना बिघाडाचा धोकाही कमी होतो.

इंडेक्सविषयी दोन शब्द. ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीप्रमाणे इंडेक्स शोध जलद करतो, पण त्याला स्वतःची जागा लागते. अ‍ॅक्सेसची एक सवय अशी की रकान्याच्या इंग्रजी नावाच्या आरंभी वा शेवटी 'आयडी', 'की', 'कोड' किंवा 'नम' आले की तो न विचारता त्यावर इंडेक्स बांधतो. त्यामुळे एकाच रकान्यावर दोन-दोन इंडेक्स झालेले आढळतात. ते पाहून अनावश्यक तेवढे काढावेत. नावाचा, रुग्णक्रमांकाचा व भेटीच्या तारखेचा इंडेक्स मात्र कधीही काढू नये.

एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो येथेच दूर करू. 'पत्त्याचा रकाना २५५ अक्षरांचा ठेवला आहे, तो ६० चा करा म्हणजे फाईल लहान होईल,' असे सांगितले जाते. अ‍ॅक्सेसमधील मजकुराचा रकाना लिहिलेल्या अक्षरांपुरतीच जागा घेतो. त्याची कमाल मर्यादा आखडल्याने काही वाचत नाही, उलट लांब पत्ते तुटतात. तसेच श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरसंचातील नोंदी युनिकोडमध्ये आणल्यास जागा वाढते, कारण अ‍ॅक्सेसचा संक्षेप रोमन अक्षरांना लागू पडतो, देवनागरीला नाही. तरीही हे रूपांतर अवश्य करावे. वरच्या गणितात आपण देवनागरीचे दोन बाइट धरूनच चाललो आहोत, आणि 'कुलकर्णी' शोधल्यावर कुलकर्णीच सापडावे हे त्या थोड्या जागेहून अधिक मोलाचे आहे.

आता प्रत्यक्ष क्रिया. अ‍ॅक्सेसमध्ये तिला 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' म्हणतात. ही क्रिया फाईलमधील जिवंत नोंदी तेवढ्या उचलून नव्या फाईलमध्ये सलग मांडते, इंडेक्स नव्याने बांधते आणि जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवते. रिकामी पाने मागे राहतात, म्हणूनच आकार घटतो. पंचकर्माशी परिचित असलेल्यांना हे सांगणे नको की येथेही पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांना प्रधानकर्माइतकेच महत्त्व आहे. (उपमा याहून अधिक ताणत नाही.)

पूर्वकर्मात प्रथम सर्व संगणकांवरील प्रोग्रॅम बंद करावा. कोणी आत असेल तर फाईलशेजारी त्याच नावाची, एलडीबी किंवा एलएसीसीडीबी या विस्ताराची एक छोटी फाईल दिसते; सर्व बाहेर पडले की ती सहसा आपोआप नाहीशी होते. नंतर मूळ फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नये. प्रत्येक टेबलातील नोंदींची संख्या कागदावर लिहून ठेवावी. डिस्कवर निदान मूळ फाईलएवढी मोकळी जागा आहे ना, हे पाहावे, कारण क्रिया चालू असताना दोन्ही फाईली एकाच वेळी अस्तित्वात असतात. क्रिया नेटवर्कवरून न करता ज्या संगणकात फाईल आहे तेथेच करावी. आणि आपल्याकडील विजेचा भरवसा ध्यानात घेता यूपीएस चालू असल्याखेरीज हातच लावू नये.

क्रिया झाल्यावर पुन्हा प्रत्येक टेबलातील नोंदी मोजाव्यात आणि कागदाशी ताडून पाहाव्यात. संख्या कमी भरली तर 'एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर' या नावाचे टेबल निर्माण झाले आहे काय ते पाहावे. बिघडलेली व म्हणून वाचता न आलेली माहिती असल्यास तिच्याविषयीच्या त्रुटी त्यात नोंदवल्या जातात. असे आढळल्यास नवी फाईल वापरात न घेता जाणत्यास दाखवावी. सर्व जुळले तरी दहा-बारा जुन्या रुग्णांची पत्रके उघडून डोळ्यांनी पाहावीत, आणि पूर्वीची प्रत किमान तीन-चार महिने जपून ठेवावी. 'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' अशी एक स्वयंचलित सोयही आहे. फाईल अनेक संगणकांवरून वापरली जात असेल तर ती लावू नये. घाईत संगणक बंद करणारा मदतनीस प्रत्येक चिकित्सालयात असतोच.

आता समजा, चित्रे बाहेर गेली, फाईल आटोपशीर झाली, तरीही वीस वर्षांच्या व्यापाने ती जड वाटते आणि जुन्या नोंदी वेगळ्या काढायच्याच आहेत. येथे बहुतेक जण जी रेषा आखतात ती चुकीची असते. '२०१२ पूर्वीच्या भेटी दुसऱ्या फाईलमध्ये' असे केले की जो रुग्ण २००६ पासून आजतागायत येत आहे त्याच्या इतिहासाचे दोन तुकडे होतात आणि पहिला तुकडा कधी उघडला जात नाही. विभागणी भेटीच्या तारखेवर नसावी; रुग्णाच्या शेवटच्या भेटीवर असावी. जो दहा वर्षांत फिरकला नाही त्याचे संपूर्ण पत्रक, पहिल्या भेटीपासून शेवटच्यापर्यंत, जुन्या फाईलमध्ये जावे. जो येत आहे त्याचे काहीही हलवू नये. आणि हलवलेल्या रुग्णाचे नाव, क्रमांक व 'पत्रक जुन्या फाईलीत' ही खूण मुख्य फाईलमध्ये राहू द्यावी. बारा वर्षांनी तो पुन्हा दारात उभा राहिला तर त्याला नवा रुग्ण समजले जाऊ नये.

हलवण्याचा क्रमही ठरलेला आहे : आधी दुसऱ्या फाईलमध्ये उतरवणे, मग मोजणे, मग मुख्य फाईलमधून पुसणे, आणि सर्वांत शेवटी कॉम्पॅक्ट. पुसलेली नोंद कॉम्पॅक्ट होईपर्यंत एखादा कुशल तंत्रज्ञ कदाचित परत मिळवू शकेल. नंतर ती आशा सोडावी.

याच ठिकाणी एका फार घातक गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. दोन टेबलांतील संबंध जोडताना 'कॅस्केड डिलीट' नावाची खूण करण्याची सोय असते. तिचा अर्थ असा की मुख्य टेबलातील एक नोंद पुसली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर टेबलांतील सर्व नोंदी आपोआप पुसल्या जातात. रुग्ण व त्याच्या भेटी यांत ही खूण एक वेळ समजण्यासारखी आहे. पण औषधांची मुख्य यादी आणि रुग्णांना दिलेली औषधे यांच्यातही ती केलेली असेल तर काय होईल? फाईल हलकी करण्याच्या हेतूने कोणी यादीतून आता मिळत नसलेला एक काढा पुसला, की गेल्या वीस वर्षांत तो काढा ज्या ज्या रुग्णास दिला त्या सर्व पत्रकांतून ती ओळ नाहीशी होईल. अ‍ॅक्सेसमध्ये पुसताना संबंधित नोंदीही जातील असा एक इशारा येतो खरा. पण प्रोग्रॅमरने इशारे बंद करून ठेवले असतील तर तोही दिसत नाही. म्हणून यादीतील औषध कधीच पुसू नये. त्यापुढे 'बंद' अशी खूण करावी. जागेच्या दृष्टीने शंभर औषधांची नावे म्हणजे काहीच नव्हे.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या (२०१७) कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यक्तीने त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळले पाहिजेत. अपील वा चौकशी चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ. १९६१ च्या आयकर कायद्याखालील वर्षांसाठी वैद्यकीय व्यावसायिकांची हिशेबपुस्तके नियम ६-फ प्रमाणे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ६ वर्षे ठेवावयाची असतात. १ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायद्याच्या अंमलाचा दिनांक. पुढील वर्षांसाठी आपल्या सनदी लेखापालास विचारून घ्यावे. ज्यांची औषधनिर्मितीची कंपनी आहे त्यांना कंपनी कायद्याप्रमाणे (२०१३) ८ वर्षे बंधनकारक आहेत, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणेही सक्तीचे झाले आहे. ही फेरफार-नोंद जागा खाते म्हणून बंद करणे वा पुसणे कंपनीस परवडणारे नाही.

हिशेब टॅलीत ठेवणाऱ्यांचा मार्ग सोपा आहे. तेथे माहिती एका फाईलमध्ये नसून कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असते, आणि 'स्प्लिट' या सोयीने ठरावीक तारखेपासून तिचे दोन भाग करता येतात. मूळ कंपनी तशीच राहते. दोन नव्या तयार होतात, शिलकी पुढे ओढल्या जातात. आधी त्यातीलच पडताळणी करून त्रुटी दूर कराव्यात. आर्थिक वर्षाच्या मध्येच तोडू नये, ३१ मार्चला तोडावे. हिशेबास वर्ष संपते. रुग्णाच्या व्याधीस संपत नाही. म्हणून जे टॅलीत योग्य ते रुग्णपत्रकांत अयोग्य.

ज्यांचा प्रोग्रॅम एसक्यूएल सर्व्हरच्या विनामूल्य 'एक्सप्रेस' आवृत्तीवर चालतो त्यांची मर्यादा वेगळी आहे. २००५ व २००८ च्या आवृत्त्यांत ती ४ जीबी होती, २००८ आर-२ पासून १० जीबी झाली आणि २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबीपर्यंत वाढली. येथे फुगणारी वस्तू बहुधा माहितीची फाईल नसते. तिच्याशेजारची एलडीएफ विस्ताराची लॉग-फाईल असते. डेटाबेस 'फुल रिकव्हरी' या पद्धतीत ठेवला आणि लॉगचा बॅकअप कधीच घेतला नाही तर ती अखंड वाढत राहते. ८०० एमबीच्या माहितीशेजारी ३० जीबीचा लॉग असे दृश्य त्यामुळे दिसू शकते. ही फाईल हाताने कदापि पुसू नये. डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो. लॉगचा नियमित बॅकअप लावावा, किंवा रोज रात्रीचा पूर्ण बॅकअप आपल्याला पुरेसा असेल तर पद्धत 'सिंपल' करावी, आणि मग एकदाच ती फाईल आखडून घ्यावी. माहितीची फाईल वारंवार 'श्रिंक' करण्याची सवय मात्र वाईट. त्या क्रियेत पाने शेवटाकडून उचलून पुढच्या मोकळ्या जागेत कोंबली जातात, इंडेक्स विस्कळीत होतात आणि काम उलट मंदावते. फाईल पुन्हा वाढायची ती वाढतेच. याउलट माहितीचा संक्षेप ही सोय २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एक्सप्रेसमध्येही मिळते, आणि तिच्याने देवनागरी मजकुराची जागा निम्म्याच्या आसपास येऊ शकते. नवा प्रोग्रॅम करून घेणाऱ्यांनी ती अवश्य मागावी.

शेवटचा मुद्दा गोपनीयतेचा. पुसलेली नोंद कॉम्पॅक्ट होईपर्यंत पानावर शिल्लक राहू शकते, असे वर म्हटले. याचा अर्थ, एखाद्या रुग्णाने विनंती केली म्हणून आपण त्याचे पत्रक पुसले तरी साध्या साधनांनी फाईल चाळणाऱ्यास त्याचे नाव व व्याधी दिसू शकते. शुक्रदोष, क्लैब्य, मानसविकार यांच्या चिकित्सेसाठी आपल्याकडे विश्वासाने येणाऱ्यांचा विचार करावा. अशा वेळी पुसण्यापाठोपाठ कॉम्पॅक्ट केलेच पाहिजे, आणि जुन्या बॅकअपमध्येही ते पत्रक आहे हे विसरू नये. कॉम्पॅक्ट करतानाही जुनी फाईल डिस्कवरून पूर्णपणे पुसली जात नाही. तिची जागा फक्त मोकळी होते. त्यामुळे चिकित्सालयातील जुना संगणक विकताना वा एखाद्या शाळेला देताना डिस्क काढून घ्यावी. चिकित्सालयाच्या दप्तरात एक वही ठेवून तिच्यात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फाईलचा आकार, कॉम्पॅक्ट केल्यानंतरचा आकार आणि बॅकअप कोणत्या डिस्कवर घेतला, एवढे तीन रकाने भरावेत. वरील वैद्यराजांकडे ही वही २०१९ पासून आहे. त्यांच्या फाईलने अद्याप ४०० एमबी ओलांडलेले नाहीत, आणि २०१० पूर्वीचा एकही रुग्ण त्यांना उडवावा लागलेला नाही.